वर्गात तेच मोजके हात वर होतात. यावर कृतिसंशोधन कसे करावे?

प्रश्न (विज्ञान शिक्षिका, म्हापसा)
आमच्या विनाअनुदानित शाळेत यंदा प्रत्येक शिक्षकाने आपल्याच वर्गातील एका अडचणीवर कृतिसंशोधन करावे, म्हणजे शिकवण्यात एखादा बदल करून त्याचा परिणाम स्वतः नोंदवून तपासावा, असे ठरले आहे. मी सातवीला विज्ञान शिकवते. शाळेचे माध्यम इंग्रजी, तर मुलांच्या घरी कोंकणी किंवा मराठी. प्रश्न विचारला की पुढच्या बाकांवरचे तेच चार-पाच हात वर होतात आणि बाकीची मुले वहीत डोके घालून बसतात. बी.एड.ला केला तसा प्रश्नावली आणि टक्केवारीचा प्रकल्प मला पुन्हा करायचा नाही. सुरुवात कुठून करावी?

उत्तर (मडगाव)
आधी आपण उत्तरासाठी किती थांबता, ते पाहावे. अमेरिकेतील संशोधक मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात वर्गांतील ध्वनिमुद्रणे तपासली, तेव्हा प्रश्नानंतर शिक्षक सरासरी सुमारे १ सेकंदच थांबतात असे आढळले. हा अवधी ३ सेकंदांपर्यंत वाढवल्यावर उत्तरे अधिक विस्ताराने येऊ लागली आणि एरवी गप्प असणारी मुलेही बोलू लागली. मुख्याध्यापकांच्या परवानगीने एका तासाचे ध्वनिमुद्रण करून हा अवधी मोजावा. सोबत बाकांचा आराखडा काढून, जो बोलेल त्याच्या चौकोनात खूण करावी. कोरे राहिलेले चौकोन मला सर्वांत महत्त्वाचे वाटतात.

उत्तर (डिचोली)
थंड पाण्याच्या बाटलीवर बाहेरून थेंब का जमतात, हे मुलाला कळलेले असते, पण इंग्रजी वाक्य जुळत नाही. म्हणून आधी शेजाऱ्याशी कोंकणीत बोलू द्यावे आणि मग उत्तर विचारावे. मात्र हा बदल आणि थांबण्याचा बदल एकाच वेळी करू नये. नाहीतर फरक कशामुळे पडला, हे कळणार नाही.

उत्तर (निवृत्त मुख्याध्यापक, फोंडा)
या नोंदी गोपनीय अहवालासाठी, म्हणजे शिक्षकाच्या कामाच्या वार्षिक मूल्यमापनासाठी, वापरल्या जाणार नाहीत, हे व्यवस्थापनाकडून आधी लेखी घ्यावे. नोंदींवर वेतनवाढ ठरू लागली, तर फसलेला तास कोणीही प्रामाणिकपणे लिहिणार नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये शिक्षकांच्या व्यावसायिक विकासासाठी वर्षाला किमान ५० तास अपेक्षित आहेत. त्यांतील काही तास व्याख्याने ऐकण्याऐवजी या कामाला मिळावेत, असा आग्रह धरावा.

प्रश्नकर्ती
सर्वांचे आभार. उष्णतेच्या पाठापासून केवळ थांबण्याचा बदल करून पाहते. मागे बसून खुणा करण्यास गणिताच्या शिक्षिका तयार आहेत, आणि त्यांच्या तासाला मी बसणार आहे.