धावणं वाढलं, पाळी थांबली. कुणाला असा अनुभव आहे का?

जास्वंद

इथे बरीच वर्षं वाचते आहे, लिहायची पहिलीच वेळ. वय ३७, राहणार सातारा, शाळेत शिकवते. दोन वर्षांपूर्वी कॉलनीतल्या बायकांबरोबर पहाटे चालायला जाऊ लागले, हळूहळू पळायला लागले. गेल्या सप्टेंबरात हिल हाफ मॅरेथॉन पूर्ण केली, यवतेश्वरचा घाट न थांबता चढले.

यंदा टायमिंग सुधारायचं म्हणून वजन उतरवायला घेतलं. भात बंद, साखर बंद, दिवसातून दोनदाच जेवण, पहाटेचं धावणं काळ्या कॉफीवर. शिवाय चतुर्थी आणि सोमवार आहेतच. वजन उतरलं. स्टाफरूममध्ये, लग्नकार्यात, जिथे जाईन तिथे कौतुक. "काय करतेस गं, आम्हालाही सांग."

पाच महिने झाले, पाळी आलेली नाही. गरोदर नाही, दोनदा तपासलं. आमचे नेहमीचे डॉक्टर म्हणाले, व्यायाम करणाऱ्या बायकांचं असं होतं, काळजी करू नका. मैत्रीण म्हणाली, सुटलीस. खरं सांगते, पहिले दोन महिने मलाही सोयीचंच वाटलं.

गेल्या आठवड्यात ग्रुपमधल्या एकीने मुलाच्या निकालाचे कंदी पेढे आणले. सगळ्यांसमोर नको म्हणवेना, म्हणून घेतला आणि टिश्यूत गुंडाळून जॅकेटच्या खिशात टाकला. धुवायचे कपडे काढताना तो लेकीच्या हाताला लागला. नऊ वर्षांची आहे. म्हणाली, "आई, तुला तर आवडतात ना पेढे?" मला उत्तर देता आलं नाही.

आणि उजव्या नडगीत एक जागा दुखते आहे. रेसला नऊ आठवडे आहेत. धावणं न थांबवता हे सगळं मार्गी लागेल का?

काळी_माती

ताई, नडगीचं दुखणं नवीन पळणाऱ्यांना हमखास होतं. बर्फाने शेका, बूट बदला, चार दिवस आराम करा. मलाही झालं होतं, गेलं. शुभेच्छा!

पहाटवारा

काळी_माती, तुमचा हेतू चांगला आहे, पण इथे बर्फावर भागवू नका.

जास्वंद, दुखणारी जागा एका बोटाने दाखवता येते का? त्या पायावर उडी मारून बघायच्या फंदात पडू नकोस, फक्त दाबून बघ. नडगीभर पसरलेलं दुखणं वेगळं आणि रुपयाएवढ्या जागेत ठणकणारं वेगळं. माझं दुसऱ्या प्रकारचं होतं. मुंबई मॅरेथॉनच्या तयारीत होते, लाँग रन चुकवायचा नाही म्हणून तीन आठवडे गोळ्या खाऊन पळाले. एक्स-रेमध्ये काही दिसलं नाही, म्हणून आणखी एक आठवडा पळाले. मग एमआरआय झाला, तेव्हा हाडाला तडा. सुरुवातीला एक्स-रेमध्ये हा तडा बऱ्याचदा दिसतच नाही, हे लक्षात ठेव. तपासणी होईपर्यंत पळणं बंद. एकही किलोमीटर नको.

पायाच्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "पाळी शेवटची कधी आली?" मला वाटलं, याचा काय संबंध. माझी दीड वर्ष बंद होती. त्याआधी एका ठिकाणी सोनोग्राफी करून मला पीसीओडी सांगितलं होतं, आणि वजन आणखी कमी करा म्हणून सल्ला! मी तोही पाळला. आजही आठवलं की जीव जळतो.

नंतर जे समजलं ते असं. खाल्लेल्यातून धावण्याचा खर्च वजा जाता जे उरतं, त्यात हृदय, मेंदू, हाडं, पाळी सगळं चालवायचं असतं. धावायला किलोमीटरमागे, वजनाच्या दर किलोला साधारण एक कॅलरी लागते. म्हणजे ५५ किलोची बाई १८ किलोमीटर धावली की हजाराच्या आसपास गेल्या. तेवढं पोटात आलं नाही, तर शरीर काटकसर सुरू करतं, आणि ज्याच्यावाचून आजचा दिवस अडत नाही ते आधी थांबवतं. मेंदूतला हायपोथॅलॅमस बीजकोशांना द्यायचे संकेत मंदावतो, इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक घटतं, आणि इस्ट्रोजेन घटलं की हाडं झिजू लागतात. आपल्याला वाटतं कटकट गेली. १९९२ मध्ये याला खेळाडू स्त्रियांचं त्रिकूट म्हणायला लागले: कमी खाणं, पाळी जाणं, हाडं ठिसूळ होणं. २०१४ मध्ये ऑलिम्पिक समितीने रेड-एस (म्हणजे खेळात शरीराला पडणारी ऊर्जेची तूट) हे नाव दिलं, कारण झळ हृदय, पचन, प्रतिकारशक्ती, मन अशी सगळीकडे बसते आणि पुरुषांनाही बसते. नाव ऑलिम्पिकवाल्यांनी दिलं असलं तरी पदकवाल्यांपुरतं नाही हे. घर, नोकरी सांभाळून पहाटे पाचला पळणाऱ्या आपल्यासारख्यांनाही सहज होतं, कारण आपल्या ताटाकडे लक्ष ठेवणारं कुणी नसतं. सगळ्यांना वाढून झाल्यावर उरलंसुरलं आपण जेवणार, आणि उपवास मोडला तर चार जणं विचारणार.

मी काय केलं ते सांगते. वजनकाटा शेजारच्या काकूंकडे नेऊन ठेवला आणि परत मागितला तरी देऊ नका म्हटलं. घड्याळातला कॅलरीचा आकडा बंद केला. पाय बरा झाल्यावर पळायच्या आधी केळं किंवा दोन खजूर, आल्यावर अंघोळीच्या आधी दूध आणि पोहे. दुपारी भात, तूप घालून. लांब पळताना खिशात राजगिऱ्याची चिक्की. नवरात्रात धान्यफराळ... नाही, सरळच सांगते, उपवासच सोडले. सासूबाईंना एमआरआयचा रिपोर्ट दाखवला. त्या गप्प बसल्या आणि दुसऱ्या दिवसापासून माझं ताट आधी वाढायला लागल्या.

पाळी यायला सात महिने लागले. आली तेव्हा बाथरूममध्ये बसून रडले.

तांदूळमणी

मी आहारतज्ज्ञ आहे, ठाण्यात. पहाटवाराने बरंच सांगितलं, थोडी भर. तीन महिने पाळी नसेल तर स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा आणि धावणं, खाणं, उपवास हे तिन्ही स्वतःहून सांगा, विचारायची वाट बघू नका. रक्तात थायरॉइड, प्रोलॅक्टिन, एफएसएच, एलएच, इस्ट्राडायॉल ही संप्रेरकं, लोहाच्या साठ्यासाठी फेरिटिन, आणि ड जीवनसत्त्व हे तपासतात. पाळी बरेच महिने नसेल तर डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजणारी तपासणी. गर्भनिरोधक गोळ्यांनी महिन्याला रक्तस्राव होईल, पण ती तुमची पाळी नव्हे. मूळ दुखणं तसंच राहतं, फक्त झाकलं जातं. आणि बारीक दिसणाऱ्यांनाच हे होतं असंही नाही, अंगाने नेहमीसारख्या असलेल्या बायकांतही मी पाहते.

पेढ्याबद्दल. खाणं लपवावंसं वाटणं, मोडलं तर जास्त पळून फेडणं, याला नुसता आहारतक्ता पुरत नाही, समुपदेशकही हवा. जवळपास कुणी नसेल तर सरकारची टेलि-मानस सेवा आहे, १४४१६, मराठीत बोलता येतं.

उंबरठा

माझ्या ग्रुपमध्ये अशी एक होती. "किती बारीक झालीस" म्हणून दर रविवारी तिचे फोटो टाकणारी मीच. पळून झाल्यावर आम्ही इडली खायचो, ती पाणी प्यायची, आणि मी बाकीच्यांना म्हणायचे, शिका हिच्याकडून. हे वाचून आत्ता तिला फोन केला.

जास्वंद

सगळ्यांचे मनापासून आभार. पहाटवारा, जागा बोटाने दाखवता येत होती. काल एमआरआय झाला. तडा नाही, पण हाडावर ताण आल्याची खूण आहे, सहा आठवडे पळणं बंद. नाव मागे घेतलं. वाईट वाटतंय, खोटं कशाला बोलू.

आज भात खाल्ला. अर्धी वाटी खाऊन हात थांबला, मग लेकीशी बोलत बोलत उरलेला संपवला.

गुरुवारी डेक्सा आहे. त्याला उपाशीपोटी जावं लागतं का?

पहाटवारा

नाही. कॅल्शियमची गोळी चालू असेल तर ती फक्त आदल्या दिवसापासून घेऊ नकोस. नाश्ता करून जा.