मदत हवी आहे: आत्याच्या लिव्हरमध्ये पाण्याची गाठ, हायडॅटिड असेल का?

नमस्कार मंडळी. पित्ताचे खडे असतील म्हणून आत्याची सोनोग्राफी केली. खडे नाहीतच, पण लिव्हरच्या उजव्या भागात ७ सेंमीची पाण्याची गाठ निघाली. साधी सिस्ट असेल आणि त्रास नसेल तर नुसतं लक्ष ठेवतात, एवढं कळलं. पण रिपोर्टात ‘आत पडदे दिसतात’ असं आहे, आणि आत्याकडे पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं, वाड्यावर कुत्री. कुत्र्याच्या विष्ठेतून कृमीची अंडी पोटात गेली की हायडॅटिड (त्या कृमीची पाण्याची गाठ) होतो, म्हणून डॉक्टरांना तोच संशय आहे. सीटी स्कॅन आणि रक्ताची अँटिबॉडी तपासणी सांगितलीय.

गावातले एक जाणकार (स्वघोषित!) म्हणतात, ‘सुईने पाणी काढा, मोकळे व्हा.’ मला धडकीच भरली. हायडॅटिडचं पाणी पोटात सांडलं तर जीवघेणी ॲलर्जी येऊ शकते, आणि कृमी पसरून नव्या गाठीही होऊ शकतात, म्हणून आधी अल्बेंडाझोलच्या (कृमी मारणाऱ्या) गोळ्या सुरू करतात ना?

ज्यांच्या घरात हे झालंय त्यांनी सांगा: ऑपरेशन केलंत की गोळ्यांच्या आधाराने सुईवाटे काढलं? गोळ्या किती महिने चालल्या? रक्ततपासणी निगेटिव्ह येऊनही हायडॅटिड निघाला, असं कुणाचं झालंय का? आणि आम्ही माणदेशातले, पुण्याला न्यायचं तर आधी सर्जनला दाखवू की गॅस्ट्रोवाल्यांना?