घाटातही तेलाच्या तापमानाचा काटा ४० वरच राहतो

प्रश्न: माझ्या हवेने थंड होणाऱ्या ३५० सीसी मोटारसायकलला मी ड्रेन बोल्टच्या (इंजिनातील तेल काढायच्या बोल्टच्या) जागी तेलाचे तापमान मोजणारा एका वायरचा सेन्सर बसवला आहे, मात्र आंबेनळी घाट चढतानाही काटा ४० अंशांच्या वर सरकत नाही. मीटर बिघडला असेल का?

उत्तर: आपण सेन्सरच्या आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळली आहे का? अशा सेन्सरला अर्थिंग इंजिनाच्या धातूतूनच मिळते. मध्ये टेप आली की विद्युतरोध वाढतो आणि तापमान कमी दिसते. टेप काढून तांब्याचा नवा वॉशर घाला, पण बेताने आवळा, कारण ॲल्युमिनियमच्या आट्या एकदा गेल्या की फार मनस्ताप होतो.

दुसरे उत्तर: तेल सिलिंडर हेडपेक्षा सावकाश तापते, म्हणून पहिल्या दहा-पंधरा मिनिटांच्या आकड्यावरून निष्कर्ष काढू नये. पुढे ९० ते ११० अंश सेल्सिअस असेल तर निश्चिंत राहावे; तेल नेहमीच फार थंड राहिले तर त्यातील ओलावा उडत नाही. १३० ओलांडल्यास मात्र गाडी थांबवावी.

प्रश्नकर्ता: टेपच होती! काल महाबळेश्वरला पोहोचताना काटा १०४ वर स्थिर होता. मनःपूर्वक आभार.