सप्ताहाच्या डब्ल्यूएव्ही फायली आपोआप एमपी३ होऊन ड्राईव्हवर कशा जातील?

डिचोलीकर:
आमच्या देवळात श्रावणात चोवीस तासांचा भजनी सप्ताह असतो, वाड्यावाड्यावरची मंडळं पाळीपाळीनं गातात आणि रेकॉर्डिंग करायचं काम दरवर्षी माझ्याच गळ्यात. रेकॉर्डर डब्ल्यूएव्ही देतो, म्हणजे न दाबलेली मोठी फाईल, तासाला ६३५ एमबी, म्हणजे चोवीस तासांचे १५ जीबी झाले आणि फुकटचा गूगल ड्राईव्हपण तेवढाच, त्यात जीमेल पण बसलंय. मी एकेक फाईल वेबसाईटवर कन्व्हर्ट करून, उतरवून, परत चढवून ग्रुपवर लिंक टाकतो, चतुर्थी आली तरी संपत नाही. कोणी झॅपियर बिपियर, म्हणजे एका ॲपमधलं काम आपोआप दुसऱ्याकडे देणारी सेवा, लावून हे सगळं जोडलंय काय?

पणजीवाली:
ऑफिसात मी लावलंय, पण फोटोंसाठी. आयफोनचे एचईआयसी फोटो ड्राईव्हच्या एका फोल्डरात पडले की झॅपियर उचलतो, क्लाऊडकन्व्हर्ट ह्या फायली बदलून देणाऱ्या साईटला देतो, जेपीजी होऊन दुसऱ्या फोल्डरात जातात. एक सांगते, पुढच्या स्टेपला फाईलच द्यायची, तिची लिंक दिलीस तर कधीकधी फोटोच्या जागी वेबपेज कन्व्हर्ट होऊन येतं, माझे दोन दिवस त्यात गेले. आणि ट्रिगर, म्हणजे नवी फाईल आली की काम सुरू करणारी पहिली स्टेप, त्याच फोल्डरापुरता चालतो, आतले सबफोल्डर बघत नाही.

फोंड्याचो:
फोटोंना ठीक आहे गो, पण ह्याच्या फायली बघ केवढ्या. मेक म्हणून झॅपियरसारखीच सेवा आहे, तिच्या फुकट प्लॅनात एक फाईल ५ एमबीच्या वर जात नाही, झॅपियर फुकटात महिन्याला १०० टास्क, म्हणजे आपोआप केलेल्या १०० स्टेपा, देतो. आणि मुळात अर्ध्या जीबीची फाईल आधी वर चढवायची, तिथं कन्व्हर्ट करायची आणि परत ड्राईव्हवर, कशाला रे? पावसात आमच्याकडे वीज गेली की अपलोड तिथंच लटकतो.

घरच्या लॅपटॉपवर एफएफएमपेग टाक, आवाज-व्हिडिओ कन्व्हर्ट करायचा प्रोग्राम, फुकट आहे. फोल्डरात नवी डब्ल्यूएव्ही आली की १२८ केबीपीएसचा (सेकंदाला १२८ किलोबिट) एमपी३ करायचा एवढी छोटी स्क्रिप्ट पुरते, आणि तो एमपी३ ड्राईव्हच्या डेस्कटॉप ॲपच्या सिंक फोल्डरात टाकायचा, वर आपोआप जातो. चोवीस तासांचे दीड जीबीपण होणार नाहीत. झॅपियर शेवटी लावायचा तर लाव, नवी फाईल आली की कमिटीला मेल जाईल एवढ्यापुरता.

आणि एक, जिथं नजर ठेवलीस त्याच फोल्डरात तयार फाईल ठेवू नकोस. मी ठेवलेली, मग एमपी३चा परत एमपी३, त्याचा परत, सकाळी उठून बघतो तर महिन्याचे सगळे टास्क खलास आणि फोल्डरात एकच अभंग चाळीस वेळा.

टाळकुटा:
६४ केबीपीएसच्या मोहात मात्र कोणी पडू नका. पेटी, आवाज चालून जातो, पण टाळ पाण्यात बुडवून वाजवल्यासारखे येतात. आणि मूळ डब्ल्यूएव्ही हार्ड डिस्कवर ठेव बाबा, एमपी३वरून परत मूळ होत नाही.

डिचोलीकर:
फोंड्याचो, तुझ्या पद्धतीनं केलं, पहिल्या चार फायली गेल्या, पाचवी वर गेली ती अर्धीच, तीन मिनिटांवर गवळण तुटली. मग कळलं, मी कार्डावरून कॉपी करत असतानाच स्क्रिप्टनं ती उचलली.

फोंड्याचो:
हां, ते सांगायचं राहिलं. कॉपी करताना फाईलीच्या नावाचं शेपूट वेगळं ठेव, कॉपी पुरी झाली की मग ते डब्ल्यूएव्ही कर. तयार एमपी३चंपण तसंच, दुसऱ्या फोल्डरात बनव आणि पुरा झाल्यावरच सिंकमध्ये हलव.

डिचोलीकर:
झालं! रात्री लावून झोपलो, सकाळी सगळ्या वर. आता ग्रुपवर विचारतायत, आमची पाळी कुठल्या फाईलीत. फायलींची नावं नुसते आकडेच आहेत, तेवढं अजून हातानंच करतोय.