सॉनदॉक राणी आणि हाडांची प्रतवारी

सिल्ला या कोरियातल्या प्राचीन राज्यामध्ये स्त्रियांना समान हक्क होते म्हणून ६३२ साली सॉनदॉक राणी गादीवर आली, असं म्हटलं जातं. स्त्रियांचं स्थान कोरियातल्या पुढच्या जोसॉन राजवटीच्या काळापेक्षा पुष्कळ बरं होतं, हे मान्य. पण तिला गादी मिळाली ती मुख्यतः 'गोलपुम' म्हणजे हाडाच्या, जन्मावरून ठरणाऱ्या प्रतवारीमुळे. राजा व्हायला 'पवित्र हाडा'चं कूळ लागे आणि तिच्या वडिलांना, जिनप्यॉंग राजाला, मुलगा नव्हता. त्या प्रतीचा पुरुषच उरला नाही, तेव्हा मुलीकडे बघितलं गेलं. विरोध तर शेवटपर्यंत होता. ६४७ मध्ये बिदाम या सर्वोच्च पदावरच्या सरदाराने 'बाईला राज्य चालवता येत नाही' असं म्हणूनच बंड केलं. ते मोडलं, पण त्याच धामधुमीत राणी गेली. तरी पुढे गादीवर बसली तीही स्त्रीच, जिनदॉक. तिच्यानंतर ही प्रत संपली आणि ६५४ मध्ये 'खऱ्या हाडा'चा, म्हणजे एक पायरी खालचा, मुयॉल राजा झाला.

आणखी एक गोष्ट आहे, आणि मला ती फार मोलाची वाटते. सॉनदॉकच्या आईचं नाव होतं माया. वडिलांचं व्यक्तिनाव बेकजॉंग, म्हणजे शुद्धोदन या नावाचं चिनी भाषांतर. काकांची नावंही बुद्धाच्या काकांचीच. हे घराणं स्वतःला शाक्यकुळाच्या जागी बघत होतं! त्या घरात बुद्धाच्या जागी मुलगी जन्मली, आणि तिनेच ह्वांगन्योंगसा विहारात नऊ मजली लाकडी पॅगोडा उभारला. १२३८ मध्ये मंगोलांनी तो जाळला.