किनाऱ्यावर .३२ कोणतं घ्यावं? आणि जुन्या .३१५ वर खर्च करावा का?

खारा_वारा
देवगड तालुक्यात, समुद्रापासून दीडेक किलोमीटरवर घर. मागे हापूसची कलमं, पलीकडे कातळसडा. स्वसंरक्षणाचा शस्त्रपरवाना मंजूर झालाय, .३२ (नळीच्या भोकाचं इंचांतलं माप) च्या छोट्या हत्यारासाठी. आजोबांच्या नावची इशापूरच्या सरकारी कारखान्यातली .३१५ रायफल आणि ठासणीची (तोंडातून दारू ठासून भरायची) एकनळी आहे. वारस म्हणून दोन्ही माझ्या परवान्यावर चढवायचा विचार आहे. जाणकारांनी सांगावं:
रिव्हॉल्वर की पिस्तूल? कमरेला राहणार, घाम आणि दमट हवा सोसायला हवी. ९ मिमी का मिळत नाही? .३१५ ला दुर्बीण, रबरी पॅड वगैरे लावून डुकरांसाठी उपयोग होईल का? आणि गंजाचं काय?

दुनळी
आधी हत्यारं मोजा, मग कॅलिबर (नळीचं माप) ठरवा. शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीपासून एका माणसाला दोनच अग्निशस्त्रं ठेवता येतात, पूर्वी तीन चालायची. वारसाहक्कानं आलेली असली तरी मर्यादा तीच. ठासणीची बंदूकही त्यात मोजली जाते. तुमची तीन होतायत, म्हणजे एक जायला हवी: भावाच्या किंवा आईच्या स्वतंत्र परवान्यावर, नाहीतर परवानाधारक डीलरला विकून. वारसाची नोंद होईपर्यंत दोन्ही हत्यारं पोलीस ठाण्यात किंवा डीलरकडे जमा हवीत, पावतीसकट. 'घरातलीच तर आहे' म्हणून माळ्यावर ठेवली तर ती बेकायदा बाळगणूक ठरते.

९ मिमी, .४५, .३०३ ही लष्कर-पोलिसांच्या सेवेतली बोअर (नळीची मापं), म्हणून प्रतिबंधित. .३१५ हे बोअर नागरिकांच्या हातात टिकलं ते याच कारणानं. .३२ मध्ये घ्या आणि त्यातलंच नीट निवडा.

फिलर_गेज
रिव्हॉल्वर. कारण सांगतो.

दोन्हीला दुकानात 'पॉइंट बत्तीस' म्हणतात, पण काडतुसं वेगळी. रिव्हॉल्वरचं .३२ एस अँड डब्ल्यू लाँग: पूर्ण कडेचं (बुडाशी कड बाहेर आलेली), गोळी साधारण ९८ ग्रेन (वजनाचं माप). पिस्तुलाचं .३२ एसीपी: आखूड, अर्धवट कडेचं, गोळी ७१ ग्रेन, वेग जास्त. पिस्तुलाचं काडतूस पुष्कळदा रिव्हॉल्वरच्या चेंबरमध्ये (काडतूस बसतं त्या खोबणीत) सरकून बसतंही. म्हणून ते उडवायचं असं नाही. बिलावर 'रिव्हॉल्वर' किंवा 'पिस्तूल' हा शब्द लिहून घ्या आणि घरी आल्यावर खोक्यावरचं पुन्हा वाचा.

ताकदीत दोघांत फार अंतर नाही. फरक पडतो तो काडतूस उडालं नाही तर. पिस्तुलात स्लाइड (वरचा सरकता भाग) ओढायला दोन्ही हात लागतात, रिव्हॉल्वरचा चाप पुन्हा ओढला की पुढचं काडतूस समोर येतं. (हे जिवावर बेतलेल्या वेळेपुरतं. सरावात काडतूस उडालं नाही तर नळी सुरक्षित दिशेला धरून निदान ३० सेकंद थांबा. कधी कधी बार उशिरानं होतो. आवाज नेहमीपेक्षा दबका आला तर तिथंच थांबा, रिकामं करा आणि नळीत गोळी अडकलीय का ते बघा. अडकलेल्या गोळीवर दुसरी उडवली की नळी फुगते किंवा फाटते.) शिवाय .३२ एसीपीची अर्धवट कड मॅगझिनमध्ये मागच्यापुढच्या काडतुसात अडकू शकते. घामट कमरेवर मॅगझिनच्या स्प्रिंगमध्ये धूळ आणि कपड्याचे तंतू साचतात ते वेगळेच.

रिव्हॉल्वर कोणतं? कानपूरच्या सरकारी कारखान्याचं मार्क ३ हे मधून मोडणारं, सहा बारी, सगळ्यांना माहीत असलेलं. २०१४ मध्ये आलेलं निर्भीक टायटॅनियम मिश्रधातूचं, सुमारे ५०० ग्रॅम. २०२३ चं प्रबल बाजूला सिलिंडर (काडतुसं भरायचं फिरतं चक्र) उघडणारं, नळी ७६ मिमी, काडतुसांशिवाय वजन ७०० ग्रॅमच्या आसपास. निर्भीकची बॉडी गंजत नाही म्हणून निर्धास्त राहू नका, आतल्या स्प्रिंगा पोलादीच. रोज कमरेला लावायचं तर हलकं बरं वाटतं, पण हलक्यात धक्का जास्त, आणि वर्षाला मोजकी काडतुसं मिळणाऱ्या माणसाचा सराव आधीच कमी. माझं मत प्रबलच्या बाजूनं: बाजूला उघडणाऱ्या सिलिंडरची चौकट एकसंध असते, मार्क ३ च्या वरच्या कडीसारखी वर्षानुवर्षं झिजत नाही.

वापरलेलं घेत असाल तर रिकामं करून, दोनदा बघून, हे तपासा:
घोडा अगदी सावकाश मागे ओढा, सहाही चेंबरवर. घोडा पूर्ण मागे जाण्याआधी सिलिंडर खटकन कुलूपबंद व्हायला हवं. एखाद्याच चेंबरवर मागे राहत असेल तर त्या जागचा दाता झिजलाय. गोळी नळीच्या तोंडावर तिरकी घासणार आणि शिशाचे कण बाजूला उडणार.
नळी आणि सिलिंडर यांमधली फट गॅरेजमधल्या फिलर गेजनं (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) मोजा. ०.१५ ते ०.२५ मिमी ठीक. ०.३ च्या वर सोडून द्या.
मार्क ३ मध्ये वरची कडी बंद करून नळी वर-खाली हलवा. हलली तर किंमत कितीही कमी असो, नको.
एक्स्ट्रॅक्टरच्या (रिकामी काडतुसं बाहेर ढकलणाऱ्या भागाच्या) चांदणीखाली बोट फिरवा. तिथं न जळलेल्या दारूचे दाणे अडकले की सिलिंडर जड फिरतं, आणि लोकांना वाटतं स्प्रिंग गेली.

सड्यावरचो
होल्स्टर चामड्याचा नको, ह्या आधी लिवून ठेवा. चामडा घाम पिता आणि कमावताना वापरलेली मिठा, आम्लां लोखंडाक लावता. बाहेर जाताना वापरा, घराकडे इल्यावर हत्यार काढून ठेवा. पॉलिमरचा होल्स्टर बरा, पण आतली वाळू झटकीत रवा, नायतर पॉलिश जाता.

आणि खोबरेल लावू नका रे! थंडीत थिजता, उन्हाळ्यात खवट होता, घोड्याच्या खोबणीत चिकटून बसता. रॉकेलान मळ निघता पण उडान जाता, मागे काय्यच रवणा नाय. फवाऱ्याच्या डब्यातला पाणी हटवणारा तेल हा पुसूचा तेल, राखूचा नव्हे.

दुनळी
सड्यावरच्या भाऊंचं शंभर टक्के बरोबर. क्रम असा: फॉस्फर ब्राँझचा ब्रश, मग सॉल्व्हंट, कोरडा फ्लॅनेलचा तुकडा पांढरा निघेपर्यंत, मग गन ऑइलचा पातळ थर. ते नसेल तर शिलाई मशिनचं तेल. जून ते सप्टेंबर दर आठवड्याला बाहेरून पुसा, हाताळल्यावर त्याच दिवशी. बोटाचा ठसा दोन दिवसांत तांबडा उमटतो.

कपाटात सिलिका जेल ठेवा, रंग बदलणारं. रंग बदलला की ओव्हनमध्ये साधारण ११० ते १२० अंशांवर दोन तास, मग गार करून परत. पूर्वी कपाटात झिरोचा बल्ब लावत, त्याची ऊब पुरायची. एलईडीचा लावून उपयोग नाही, तो तापतच नाही.

काडतुसं वेगळ्या कुलपात, हवाबंद डब्यात. त्यांना तेल लावू नका: तेल केपमध्ये (ठिणगी देणाऱ्या टोपीत) झिरपलं की बार होत नाही. पितळेवर हिरवट बुरशीसारखं दिसलं, किंवा छर्ऱ्याच्या १२ बोअर बंदुकीचं कागदी काडतूस फुगलं, की बाजूला काढा आणि डीलरला विचारा. घासून साफ करून वापरू नका.

कातळ_३१५
आता रायफलीबद्दल. .३१५ म्हणजे ८×५०आर मॅनलिकर काडतूस, ली-एनफिल्ड घराण्याचा बोल्ट, पाच गोळ्यांचं मॅगझिन. कडेची काडतुसं असल्यानं भरण्याचा क्रम महत्त्वाचा: वरच्या प्रत्येक काडतुसाची कड खालच्याच्या कडेच्या पुढे हवी. उलटं बसलं तर बोल्ट ढकलताना वरचं काडतूस खालच्याला ओढतं आणि गाडी अडते. 'मॅगझिन खराब आहे' अशी बहुतेक तक्रार इथून येते.

पैसे खर्च करण्याआधी फुकटातलं करा. पावसाळ्यात दस्त्याचं लाकूड फुगतं, नळीला एका बाजूनं टेकतं आणि मार सरकतो. पोस्टकार्डाची पट्टी नळी आणि लाकूड यांच्यामधून सरकवून बघा. एका बाजूला अडकत असेल तर तिथंच दोष. चापाच्या पिंजऱ्यापुढचा मुख्य स्क्रू घट्ट आहे का तेही बघा. लाकडाच्या आतल्या, न दिसणाऱ्या बाजूला जवसाच्या तेलाचे दोन-तीन पातळ हात द्या, प्रत्येक पूर्ण वाळल्यावर. ओलावा शिरतो तो तिथूनच.

रबरी रिकॉइल पॅड (दस्त्यामागची धक्का झेलणारी गादी) जरूर लावा, स्वस्त आणि खरा फायदा. दस्ता लांब होतो, तेवढं लाकूड कापून घ्यावं लागेल. दुर्बिणीसाठी बॉडीला भोकं पाडणं परवानाधारक आर्मररकडूनच (बंदुका दुरुस्त करणाऱ्याकडूनच). स्क्रूला निळा थ्रेडलॉकर (आटे धरून ठेवणारा गोंद), लाल नाही. लाल लावला की पुन्हा उघडताना डोकं तुटतं. आणि नळी कापून आखूड करायची कल्पना मनातही आणू नका. शस्त्र कायद्याच्या कलम ६ खाली त्याला वेगळा परवाना लागतो.

फिलर_गेज
कातळराव, स्क्रू-थ्रेडलॉकर ठीक आहे, पण मुळात देवगडच्या बागेत .३१५ कशाला? तिथं ५० मीटरपुढे काही दिसत नाही. कलमांमागे वाडी, वाडीमागे रस्ता. रायफलीची गोळी चुकली तर किलोमीटरच्या पुढं जाते, आणि जांभ्याच्या कातळावर आपटून कुठल्या दिशेला वळेल सांगता येत नाही. दुर्बीण लावल्यानं हे बदलत नाही. पैसे वाचवा.

कातळ_३१५
मान्य. सड्यावर, मागं टेकडीचा उतार असेल तरच. बागेत नाही.

दुनळी
बागेसाठी १२ बोअर, पण तिथंही छर्रा बघून. ढोबळ नियम असा की छर्ऱ्याचा व्यास इंचांत घेऊन २२०० ने गुणा, तितके यार्ड तो जातो. एलजी हा मोठा छर्रा ०.३६ इंची, म्हणजे सव्वासातशे मीटर. चार नंबर ३.१ मिमीचा, अडीचशे मीटरच्या आत. माकडं हुसकायला आवाज लागतो, छर्रा नव्हे. एलजी भरून झाडावर बार काढणारे शेजारच्या कौलांचा विचार करत नाहीत.

जुनी दुनळी घेत असाल तर चेंबरची लांबी आधी. नळीखाली ६५ किंवा २½ कोरलेलं असेल तर ७० मिमीचं काडतूस घालू नका. ते सहज आत जातं, कारण खोक्यावरची लांबी उडाल्यानंतर उघडलेल्या काडतुसाची असते. बार होताना तोंड उघडायला जागा मिळत नाही आणि दाब एकदम चढतो. नळीवर विणल्यासारखी नक्षी दिसली तर ती पिळाच्या लोखंडाची (पट्ट्या पिळून जोडलेली). आजच्या धूरविरहित दारूसाठी ती नाही. दोन नळ्यांमधली पट्टी झळाईनं बसवलेली असते, खारं पाणी तिथं शिरतं: नळ्या लटकवून लाकडी दांड्यानं टकटक करा, घंटेसारखा आवाज हवा. भद्द आवाज आला तर झळाई सुटलीय.

दुसरी गोष्ट: परवान्याचा अर्थ डुकरं मारायला मोकळीक असा नाही. वन्यजीव कायदा १९७२ चा आहे आणि त्याखाली परवानगी वेगळी लागते, वन खात्याकडून. शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर क्षेत्र लिहिलेलं असतं, त्याबाहेर बंदूक नेऊ नका. शिमग्यात पालखीपुढे बार काढायची हौस असेल तर तीही आवरा. कोणाच्या जिवाला धोका होईल असा बार काढला तर २०१९ पासून दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

खारा_वारा
समजलं. मग .३१५ चुलतभावाच्या परवान्यावर जाते का बघतो. ठासणीची ठेवावी म्हणतो, आठवण म्हणून. ती उडवायची झाली तर काय सांभाळायचं?

सड्यावरचो
ठासणीक तेल नको, आधी गरम पाणी. काळ्या दारूची राख मिठासारखी, हवेतला पाणी ओढता. तेलान ती जाणा नाय, पाण्यानच जाता. उडवल्याच्या दिवशीच नळीत कढत पाणी आणि इल्लो साबण, ब्रश फिरवा, परत नुसता कढत पाणी. नळी गरम झाली काय आपसूक सुकता. मगे तेल. केप बसता त्या टोकाचा भोक सुईन मोकळा करा. दुसऱ्या दिवशी परत फडको फिरवा, तांबडो निघालो तर परत धुवा.

फिलर_गेज
त्यात दोन जास्तीचे. ठासणीच्या गजावर दोन खुणा करा: रिकाम्या नळीत गज जितका जातो ती एक, बार भरल्यावरची दुसरी. हातात घेतल्यावर आधी गज टाकून बघा. पुष्कळ ठासणीच्या बंदुका कोपऱ्यात भरलेल्या सापडतात, आणि वर दुसरा बार ठासला की नळी फुटते. दुसरं, काडतूस फोडून त्यातली दारू ठासणीत कधीही घालायची नाही. दिसायला दाणे तसेच, पण ती धूरविरहित. एका बारात नळी आणि डावा हात दोन्ही जातात.

दुनळी
आणि निवडणुकीच्या वेळी जमा करायला सांगितलं तर देण्याआधी तेलाऐवजी ग्रीसचा थर द्या, हत्यार तिथं महिना-दोन महिने पडून राहतं. क्रमांक, दस्त्यावरचे ओरखडे, नळीची स्थिती पावतीवर लिहून घ्या, फोटो काढून ठेवा. परत आल्यावर पहिलं काम ग्रीस काढणं: नळीत ग्रीस राहिलं आणि तसाच बार काढला तर तेही अडथळ्यासारखंच वागतं. परवान्याची मुदत आता पाच वर्षं. नूतनीकरणाचा अर्ज संपायच्या दोन महिने आधी टाका. गणपतीच्या धावपळीत तारीख येत असेल तर आत्ताच कॅलेंडरवर गोल करून ठेवा.