फुल टँगच घ्या दादा

दादा, भाचा फौजेत पोस्टिंगवर चाललाय आणि त्याला सुरा भेट द्यायचाय, फोल्डिंग नको, पातं न दुमडणारा फिक्स्ड ब्लेडच हवा म्हणालात ना, मग फुल टँगच बघा, म्हणजे पातं मुठीच्या टोकापर्यंत सलग एकच पट्टी. माझा भाऊपण फौजेत, त्याला मी दिलेला सुरा लाकूड फोडताना मुठीतच हलायला लागला, मुठीच्या आत पात्याचं जेमतेम 2 इंच शेपूट होतं, फार वाईट वाटलं मला. पात्याची लांबी 4-5 इंच पुरे, 9 इंचांच्या वर गेलात की लायसन्सची भानगड. कार्बन स्टीलला धार झकास लागते पण ठाण्याच्या पावसात चामड्याच्या म्यानात राहिलेला माझा आठ दिवसांत तांबूस ठिपक्यांनी भरला, तेव्हा देईपर्यंत तेलाचा हात मारून म्यानाबाहेरच ठेवा. आणि विमानाने जाणार असेल तर चेक-इन बॅगेतच टाकायला सांगा.